डोळ्यांची पाटी

बाबा : तेवढं तुम्हीच सांगा तिला. शाळेनं ठरवलंय म्हणावं. माझ्या तोंडून नको.

ताई : काय ठरवलंय शाळेनं?

बाबा : की आता तिनं चार पोरांसारखं वर्गात बसून शिकावं. तशी शाळा माझ्या बहिणीच्या गावात आहे. परवा आत्याकडे सोडून येतो. पुढे जे काही महिने लागतील ते तिथेच काढू दे.

ताई : लागतील म्हणजे तिच्या आईला.

बाबा : आईलाच, दुसऱ्या कुणाला. डॉक्टरांनी हात टेकलेत. आधी हात गेले, मग पाय, आता जीभ जड झालीय. नऊ वर्षांच्या पोरीनं हे रोज उशाशी बसून बघायचं का? माझंच काळीज थाऱ्यावर नसतं.

ताई : आणि तिला काय सांगितलंय?

बाबा : औषध लागू पडतंय म्हणून. हळूहळू बरी होईल म्हणून. मी नळ जोडणारा माणूस, गोड बोलणं मला जमत नाही, तरी एवढं रोज न चुकता बोलतो.

ताई : मी नाही सांगणार. पाठवायचं तर पाठवा, तुमची मुलगी आहे. पण शाळेच्या नावावर खोटं नको. इथे मुलांना आम्ही माहीत असेल ते सांगतो, नाहीतर माहीत नाही म्हणतो.

बाबा : झालं तुमचं सुरू. अहो, तुम्हाला संध्याकाळी कुलूप लावून घरी जायचंय. मला तिच्यासमोर जेवायला बसायचंय.

ताई : चिडा माझ्यावर. चालेल.

बाबा : चिडत नाही. तिच्या आईची हौस म्हणून इथे घातली. तास नाहीत, परीक्षा नाही, मनाला येईल ते करा. मी म्हटलं, पोरगी वाया जाणार. नाही गेली, कबूल करतो. करवत धरते, पाढे कुणी न शिकवता आले, माझ्या पिशवीतली अवजारं माझ्याआधी ओळखते. दिसेल ते उचलून आणते म्हणून तुम्ही तिला खार म्हणता, तेही आवडलं मला. पण आता पुरे.

ताई : या काचेतून बघा जरा. ती काय, टेबलापाशी.

बाबा : काय चाललंय तिचं?

ताई : पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आहे. मधोमध भोक पाडलंय, कडेनं अक्षरं लिहिलीत. पंधरवडा झाला, जेवायला हाका माराव्या लागतात.

बाबा : कशासाठी?

ताई : विचारलं नाही. काम पुरं होईपर्यंत कशासाठी ते मोठ्यांनी विचारायचं नाही, अशी इथली रीत आहे. काय हवंय एवढंच विचारायचं. भोक पाडायला मदत हवी होती, ती केली.

बाबा : अजब रीत आहे.

ताई : मूल बुजत नाही त्यानं. चमच्याला रबराची जाड मूठ केली, तेव्हाही असंच. घरी दिसला असेल तुम्हाला.

बाबा : दिसला कसला, तिच्या आईनं त्याच चमच्यानं जेवण केलं कितीतरी दिवस. बोटं वळेनात ना.

ताई : वाटलंच मला. घरात अडचण आली की इथे येऊन उपाय काढते. पाहुणे आले की मी कौतुकानं सांगायचे.

बाबा : नाही, तसं नाही. चमचा आधी आला. कितीतरी दिवस पडून होता नुसता. आम्ही दोघं हसलो होतो, एवढी जाड मूठ काय राक्षसासाठी केलीस का, म्हणून.

ताई : आणि पायाच्या अंगठ्यानं ओढायची घंटी?

बाबा : तीही. तेव्हा आईचे हात चालत होते. मी खिळ्याला टांगून ठेवली, पोरखेळ म्हणून. मग हात गेले, तेव्हा पोरीनंच काढून बांधली.

ताई : म्हणजे दर वेळी आधीच.

बाबा : थांबा. आई अजून बोलते हो. अडखळत का होईना, बोलते. मग ही अक्षरं कशाला?

ताई : तुम्हाला कळलंय ते.

बाबा : तिला माहीत आहे. काय जाणार, कशानंतर काय जाणार, सगळं. कुणी सांगितलं तिला?

ताई : कुणी सांगायची वाट ती बघतच नाही. हेच तर इथे शिकली. मी पाहुण्यांसमोर मिरवत होते आणि ही एवढीशी पोर एकटीच ते सगळं उरावर घेऊन फिरत होती. मला लाज वाटतेय.

बाबा : आणि मी रोज म्हणतो, औषध लागू पडतंय. ती मान डोलावते. म्हणते, हो बाबा. माझी समजूत काढत होती ती.

(मुलगी दार ढकलून आत येते. हातात प्लास्टिकची पाटी.)

खार : बाबा, बरे सापडलात. मला माणूस हवाच होता. इथल्या पोरांवर करून बघितलं, त्यांना सारखं हसू येतं.

बाबा : मला कामावर जायचंय गं.

खार : नळ काही पळून जात नाही. बसा. हात मांडीवर. आता तुम्ही आई.

बाबा : मी?

खार : बोलायचं नाही. हलायचं नाही. नुसते डोळे. मी या भोकातून बघते. तुम्ही ज्या अक्षराकडे बघाल ते मला इकडून कळतं. पण आधी सोपं करू. वर बघितलं म्हणजे हो. डोळे मिटून उघडले म्हणजे नाही. पाणी हवंय?

ताई : मान हलली त्यांची.

खार : मान नाही, बाबा. मान तेव्हा हलणार नाही. परत. पाणी हवंय? हां, वर. उशी उंच करू? नाही. जमतंय की तुम्हाला. दिवा बंद करू? नाही. आता अवघड विचारू?

ताई : खार, जरा दमानं.

खार : आईलाही अवघडच विचारायचं असणार ना कधीतरी. बाबा, इकडे बघा, ताईकडे नाही. आई बरी होणार आहे का?

ताई : वाटलं तर थांबू आपण.

खार : थांब गं ताई, ते देतायत उत्तर. मिटले. बरं. मला माहीत होतं, पण तुम्हाला माहीत आहे का ते माहीत नव्हतं. रडू नका, पुढचं दिसणार नाही. अजून एक. आत्या काल फोनवर म्हणत होती, माझ्यासाठी खोली आवरून ठेवलीय. मला तिकडे पाठवणार आहात?

ताई : मिटलेत गं त्यांनी.

खार : दिसतंय मला. पण मिटून लगेच उघडायचे, बाबा. असे मिटूनच ठेवले, तर आई नाही म्हणतेय की झोपलीय, ते मला घरी कसं कळणार?