मुलुंडहून येणारी गाडी

हसू नका यार, पण माझा पीएचडीचा विषय ऐकला की लोक जांभई देतात: कंपन्यांचे एचआरवाले माणसांना पर्यावरण जपायला कसं लावतात. त्यावरचे शोधनिबंध मी ढिगाने वाचले. ट्रेनिंग, बक्षिसं, साहेबांचा आदर्श, सगळं त्यात असतं. पण माणूस खरंच कशाने बदलतो, हे काही मला कळेना.

म्हणून अंधेरीच्या एका कंपनीत गेले. तिथले चौघे आपापल्या गाड्या घरी ठेवून मुलुंडहून एकाच गाडीने यायचे. एचआरच्या मॅडम खुशीत म्हणाल्या, "आमच्या ग्रीन योजनेचं यश!"

मी एकेकाला वेगळं गाठलं. पहिले दोघे म्हणाले, "पर्यावरणासाठी." तिसरी शिल्पा, गाडी तीच चालवते. ती हळूच म्हणाली, "खरं सांगू? आमच्या कदमसाहेबांना अपघात झाला ना, तेव्हापासून स्टिअरिंग धरलं की त्यांचे हात थरथरतात. 'आम्ही सोडतो' म्हटलं असतं तर ते आलेच नसते. म्हणून योजनेचं निमित्त केलं. त्यांना हे बोलू नकोस हं."

आता हे प्रबंधात कुठे बसवायचं?

शेवटी चौथ्यांना, म्हणजे कदमांनाच, भेटले. "तुम्ही एकत्र का येता?"

"बाकीचे काय म्हणाले?"

"पर्यावरणासाठी."

ते खुदकन हसले. "मग माझंही तेच लिही. मला सगळं माहितीये हे कळलं, तर बिचारे अवघडतील."