काळ्याचा कप

…आणि खुर्ची कुणाची? माझी! खिडकीजवळची, डाव्या हाताचं कापड उसवलेली, माझ्या पाठीचा खड्डा पडलेली खुर्ची, आणि तिच्यावर कुणी बसायचं नाही असं माझ्याच घरात माझीच बायको ठरवते, आणि का, तर म्हणे ती आता काळ्याची आहे. माझं काही म्हणणं नाही. बसू दे की काळ्याला. पण हा काळा कोण, कुठला, आपल्या घरी कशाला, हे माणसाला आधी सांगाल की नाही? …तुम्ही बघताय ना माझ्याकडे? हां. नाही, सहज विचारलं. हल्ली कुणी सरळ माझ्याकडे बघितलं की बरं वाटतं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर ती नंबर काढायची जड फ्रेम ठेवायची, भिंगं बदलायची आणि विचारत सुटायचं, "पहिलं बरं, की दुसरं? बरं, आता? पहिलं की दुसरं?" संध्याकाळपर्यंत जबडा दुखतो हो. म्हणून घरी आलो की मी फार बोलत नाही. भाजी कुठली करू? माझं काही म्हणणं नाही. पडदे निळे की पिवळे? माझं काही म्हणणं नाही. असा शांत संसार चालला होता आमचा, मी, बायको आणि कॉलेजात जाणारी लेक. वरच्या मजल्यावर मेहुणी राहते, बायकोची धाकटी बहीण. ती काही शांत नाही, पण ती वर असते.

आणि मग लेकीनं ती चिनी मालिका लावली.

तुम्हाला सांगतो, त्या मालिकेत कुणी जिना चढत नाही. सगळे उडतात. दहा हजार वर्षांचं वय आणि तोंडावर एक सुरकुती नाही, गुडघ्यापर्यंत केस आणि जेवताना एक केस ताटात पडत नाही. तर एक मुलगी आहे, तिच्यावर दोघांचं प्रेम आहे. एक देवलोकातला, तो कायम पांढऱ्या कपड्यात. दुसरा धुक्याच्या राज्याचा राजा, तो कायम काळ्या कपड्यात. खरी नावं कुणाला उच्चारता येईनात, म्हणून आमच्याकडे ते झाले पांढरा आणि काळा. बायको काळ्याच्या बाजूची, मेहुणी पांढऱ्याच्या, आणि दोघी सख्ख्या बहिणी आठवडाभर एकमेकींशी बोलेनात. का? तर मेहुणी म्हणाली, "तुझा काळा नुसता कोपऱ्यात उभा राहून डोळे मोठे करतो." आणि बायको म्हणाली, "तुझ्या पांढऱ्यानं तिला कड्यावरून ढकललं होतं, विसरलीस?" "अगं, तिच्या भल्यासाठी ढकललं!" म्हणजे मी घरात, आणि माझ्या घरात कोण कुणाला कड्यावरून ढकलतं यावर जेवणं थंड होतायत. मला लेकीनं विचारलं, "बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" मी काय म्हणालो असेन? बरोबर.

तर शेवटच्या भागात काय होतं, की त्या मुलीचा जीव वाचवायला काळा आपलं नाव तळ्यात सोडून देतो. आणि नाव गेलं की सगळ्यांना त्याचा विसर पडतो. तो असतो, घरात वावरतो, तिच्या शेजारून जातो, पण कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. ती रोज चहाचे दोन पेले भरते आणि तिला कळत नाही दुसरा कुणाचा. मग तिचं पांढऱ्याशी लग्न होतं आणि हा कोपऱ्यात उभा राहून बघतो. संपली मालिका. आमच्या घरी जे रडणं झालं, शेजारचे विचारायला आले, कोण गेलं म्हणून.

आता या चाहत्यांनी काय करावं? मोबाइलवर त्यांचा ग्रुप आहे, बायको त्यात अगदी पुढे. तर त्या सगळ्यांनी मिळून शपथ घेतली, की मालिकेत सगळे त्याला विसरले तरी आपण विसरायचं नाही. रोज संध्याकाळी आपापल्या घरी एक कप चहा त्याच्यासाठी ठेवायचा, एक खुर्ची त्याच्यासाठी मोकळी सोडायची आणि कप ठेवला की सगळ्यांनी खोलीतून बाहेर जायचं. त्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून! माझं काही म्हणणं नाही, पण हे लाजणं बिजणं नवऱ्याच्या बाबतीत कधी लक्षात आलं होतं का?

पहिल्या दिवशी मी दुकानातून आलो, मला यातलं काही ठाऊक नाही. चपला काढल्या, जागेवर ठेवल्या, खुर्चीत बसलो, पुढ्यात गरम चहा. प्यायलो. नेहमीसारखा गोड मिट्ट, म्हणून तळाचा घोट ठेवला आणि हात धुवायला उठलो. तेवढ्यात मायलेकी आत आल्या, आणि बायकोनं किंकाळी फोडली, "आला होता!"

मी मोरीतून बाहेर येऊन म्हणालो, "अगं, मी प्यायलो." स्वच्छ म्हणालो हो. टॉवेल हातात, उभा तिच्यासमोर. ती त्या कपाकडे बघतेय. मी परत म्हणालो, "मी. मी प्यायलो तो." लेक कपाचा फोटो काढतेय. "आई, बघ ना, तळाला ठेवलाय थोडा. त्याला साखर जास्त झाली असणार."

आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवसापासून चहात अर्धाच चमचा साखर! लग्न झाल्यापासून मी सांगतोय या बाईला, दोन चमचे नको, मला सोसत नाही, पालथ्या घड्यावर पाणी. आणि हा काळा, कानामागून आला आणि तिखट झाला.

आता मी काय करायला हवं होतं? ओरडायला हवं होतं, हात धरून सांगायला हवं होतं. पण चहा इतका सुंदर झाला होता ना… मी म्हटलं, राहू दे, चार दिवसांचं खूळ आहे. रोज यायचं, बसायचं, प्यायचं. मग चहाबरोबर दोन बिस्किटं यायला लागली. मग पाठीला उशी. माझा पेपर मी वाचून घडी करून ठेवायचो, तर बायको ग्रुपवर सांगते, "वाचतो गं तो! आणि घडी किती नीट घालतो, आमच्याकडे कुणालाच अशी जमत नाही." मी तिथेच उभा आहे. आमच्याकडे म्हणजे कोण? घडी कोण घालतं इतकी वर्षं?

मग एकदा रात्रीच्या जेवणाला ताटं दोनच. मी म्हणालो, "माझं?" लेकीनं माझ्यापुढचं मीठ हात लांब करून उचललं, माझ्या हाताला घासून, आणि दंड चोळत म्हणाली, "खिडकी लाव ना आई, गार लागतंय." खिडकी बंदच होती.

मी म्हटलं, या घरातल्यांना वेड लागलंय. आपलं दुकान बरं. तर दुसऱ्या दिवशी दुकानात आमचे निवृत्त मास्तर आले, जुनं गिऱ्हाईक. फ्रेम चढवली, भिंगं बदलली, तक्त्यावरची अक्षरं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. अगदी बारीक ओळ! मी खूश झालो, त्यांच्या समोर येऊन उभा राहिलो, म्हटलं, "मग? स्वच्छ दिसतंय?" मास्तर माझ्यातून तक्त्याकडे बघत राहिले. मग फ्रेम काढून काउंटरवर ठेवली आणि दाराशी जाऊन हाक मारली, "कुणी आहे का दुकानात?" …तुम्ही हसू नका. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती. मी आरशात बघितलं. होतो मी. पण आपण आपल्याला दिसणारच ना हो, त्याला काय अर्थ आहे?

त्या संध्याकाळी मी खुर्चीत बसलो ते ठरवून. म्हटलं, आज कप भरायला आली की मनगट धरायचं. तर ती आली, कप ठेवला आणि नेहमीसारखी बाहेर गेली नाही. समोर जमिनीवर बसली आणि खुर्चीशी बोलायला लागली. म्हणजे माझ्याशी. म्हणजे… तुम्हीच ठरवा. म्हणाली, "तुला म्हणून सांगते. ऑफिसातून घरी आलं ना, की नुसतं कुणीतरी विचारावं, दमलीस का. एवढंच. मी एकदा केस कापून आले होते, अगदी खांद्यापर्यंत. महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही." मला आठवेना हो. मी आठवून आठवून दमलो, मला तिचे आखूड केस आठवेनात. मी म्हणालो, "दमलीस का?" घसा फाडून म्हणालो. ती खिडकीकडे बघून म्हणाली, "वारा सुटलाय वाटतं."

हे सगळं वर मेहुणीच्या कानावर गेलं. ती पांढऱ्याची, ती कशी ऐकून घेणार? धाडधाड जिना उतरून आली. मी नुकताच चहा संपवून उठलो होतो. "कुठाय तुझा काळा? बघू दे मला!" म्हणत तिनं स्वतःला माझ्या खुर्चीत टाकलं, आणि तशीच ताडकन उभी राहिली. तोंड पांढरं फटक. हळूच म्हणाली, "ताई… खुर्ची गरम आहे."

 मेहुणीचा स्वभाव बघा, खुर्चीपासून दोन पावलं मागे सरली, पण वाद सोडत नाही. म्हणाली, "असेल आला. पण म्हणून मी त्याला चांगला म्हणणार नाही. प्रेम होतं ना, मग कधी तोंड उघडलं त्यानं? सगळे भाग बघ. ती विचारते, राहू की जाऊ, हा गप्प. ती विचारते, तुला काय हवंय, हा गप्प. तळ्याचं नाव कशाला घेता? ज्याचं कधी काही म्हणणंच नसतं, तो माणूस आपोआप दिसेनासा होतो. त्यात जादू कसली?"

मी उसवलेल्या हातावर टेकून उभा होतो. बायकोनं खुर्चीतली उशी थोपटून सरळ केली. मग म्हणाली, "हो गं. पण हा निदान चहा तरी पितो."

मी रात्रभर विचार केला. उपाय एकच दिसत होता. मालिका खोटी पाडायची. चहाला हात लावायचा नाही. कप भरलेला दिसला की खूळ उतरेल, काळा जाईल, आणि मग कुणीतरी म्हणेल, अरे, आपल्या घरात एक माणूस होता, तो कुठाय? म्हणून त्या संध्याकाळी मी खुर्चीत बसलोच नाही. दाराच्या मागे, कोपऱ्यात उभा राहिलो. बायको आली. कप भरलेला, वर साय धरलेली. तिनं कपाला हात लावून बघितला, गार. आणि ती रडली. मालिकेसाठी रडली होती तसं मोठ्यानं नाही. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. म्हणाली, "मी फार बोलले का त्या दिवशी?" लेक तिला धरून आत घेऊन गेली.

माझ्यासाठी ती अशी कधी रडली होती? रडली असेलही. माझ्या लक्षात आलं नसेल. मला सहन होईना. म्हटलं, मरू दे, नाही दिसलो तर नाही दिसलो. आपण काळा तर काळा. पिऊन टाकू तो गार चहा सायीसकट, म्हणजे बाहेर आली की हसेल तरी. म्हणून मी कोपऱ्यातून निघालो, खुर्चीपाशी आलो, कपाला हात घातला.

कप रिकामा होता.

तळाला घोट ठेवलेला. पेपरची घडी घातलेली, माझ्यापेक्षा नीट. मी खुर्चीवर हात ठेवला… गरम.

तेवढ्यात बायको बाहेर आली, कपात बघितलं, आणि ओल्या डोळ्यांनी इतकी गोड हसली, लग्नाच्या वर्षानंतर मी तशी बघितली नव्हती. खुर्चीकडे वाकून म्हणाली, "उशीर झाला का रे आज?" आणि मग मान तिरकी करून ऐकत राहिली. वारा सुटलाय म्हणाली नाही. ऐकत राहिली हो, कुणीतरी उत्तर देत असल्यासारखी. आणि म्हणाली, "हो ना… दमले खरी."

माझं काही म्हणणं नाही, असं मी म्हणायचो ना, तर ते चुकलं माझं. म्हणणं आहे, पुष्कळ आहे, म्हणून तर तुम्हाला धरून बसलोय इतका वेळ. ती आता सुखात आहे. दुकानात विचारतो तेच विचारतो, पहिलं बरं, की दुसरं? …नको, नका सांगू. कळतंय मला.

मी हल्ली स्वयंपाकघरात उभ्यानं पितो. माझा चहा मीच करतो. आणि काय सांगू तुम्हाला, साखर घालताना हात थांबतच नाही, दोन चमचे पडतात. तिच्या हातची सवय झालेली ना.