रेडिएटरातली हळद

हॅलो?… हां दादा, बोल… अरे, मीच मिस कॉल दिला होता… असू दे, ड्यूटीवर होतास, कळलं मला… नाय रे, घरी सगळे बरे आहेत. घाबरू नको. तुझ्या मोटरसायकलचं विचारायचं होतं.

कूलंट… कूलंट रे! रेडिएटरात टाकतात ते. लाल टाकायचं का हिरवं?… मी? मी संभाजीनगरला आलेय, पैठण गेटजवळ, फकिराभाऊच्या गॅरेजवर… हसू नको. मला त्यातलं काय कळतंय, म्हणून तर तुला विचारायलेय. माझ्यापुढं डबेच डबे मांडलेत. लाल आहे, हिरवं आहे, निळं पण आहे…

मी कशाला आणू? आप्पांनी आणले.

हॅलो?… आहेस ना?… हां, आपल्याच आप्पांनी. दुकानदार म्हणला, कुठलं देऊ. तर म्हणले, सगळे द्या, माझा पोरगा सांगंल कुठलं ते… आईशप्पथ, दादा. 'माझा पोरगा' म्हणले. तू गेल्यापासनं पहिल्यांदा. मी तिथंच उभी होते, मला रडूच आलं.

हो, हो… अरे ऐक ना! तू रविवारी गाडी न्यायला येणार, असं मी सांगितलं होतं ना घरात? तवापासनं त्यांचा जीव थाऱ्यावर नाय. म्हणले, पोराला लांब होसूरला नोकरीवर न्यायचीय, नीट करून देऊ… बाहेर बसलेत, जुन्या टायरवर. इकडंच बघायलेत… देऊ का?… आप्पा, दादाय फोनवर. बोलता?… नको म्हणून मान हलवायलेत. बरं, राहू दे. तू आधी कूलंटचं सांग.

डब्यावर? थांब वाचते… लालवर लिहिलंय तयार मिसळलेलं, पाणी घालू नका. हिरव्यात अर्धं पाणी घालायचंय… बॅटरीतलं पाणी? डिस्टिल्ड… हां. साधं पाणी अजिबात नाय?… अजिबात नाय. बरं… नुसत्या रंगावर जायचं नसतं? मग कशावर जायचं?… जुनं आणि नवं एकत्र झालं की साका धरतो. बरं बरं… अजून एक बाटली आहे, गळती बंद करायची. ती नको? चोंदतं?… हो, समजलं. रेडिएटरात बारीक नळ्या असतात.

जुनं?… जुन्याचं काय?… काढलंय की. फकिराभाऊनं काढलं… रंग? मी काय नीट बघितला नाय… अरे, असंल हिरवा. तू हिरवंच टाकलं होतं ना?… खोटं कशाला बोलू मी?… दादा, ओरडू नको ना रे.

पिवळं होतं.

पिवळं, चिखलावानी. घमेल्यात काढलं… आता काय सांगू तुला. हळद होती त्यात.

हां. हळद. आपल्या घरची, स्वयंपाकातली.

तू आधी ऐकून घे! तू लग्न करून वहिनीला घेऊन दारात आलास, तवा ते म्हणले होते ना, गाडी ठेव इथं आणि जा कुठं जायचं ते? तू चावी ओट्यावर टाकली आणि तुम्ही दोघं पायी फाट्यावर गेलात. ती चावी त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलीये, दादा. आजपर्यंत तिथंच असते. दर आठवड्याला गाडी पुसायची, चालू करायची, रानात एक चक्कर मारायची. मला हात लावू देत नव्हते, पोराची गाडीय, पाडशील म्हणायचे… अरे, तुला कसं सांगणार? मी त्यांचं नाव काढलं की तू फोन ठेवायचास.

मग मधी पाणी गळायला लागलं. त्यांनी बोअरचं भरलं… माहितीये रे, खारं असतं! माठाला पांढरा थर धरतो ते मला पण दिसतंय. पण त्यांनी जन्मभर ट्रॅक्टरला तेच भरलं ना? आणि गळतंय म्हणून हळद टाकली, ट्रॅक्टरला टाकतात तशी. गळायचं थांबलं पण. लई खूश होते त्या दिवशी. आईला म्हणले, ऋतुराजची गाडी वाचवली मी.

आता?… आता कशी म्हणजे…

काल ते एकटेच घेऊन निघाले. मला न सांगता. बिडकीनच्या पुढं तो लाल दिवा पेटला, गरमचा. त्यांना वाटलं स्टँडचा दिवा आहे. उतरले, स्टँड बघितलं, परत बसले, परत निघाले… नाय कळलं रे त्यांना! ट्रॅक्टरला काटा असतो, दिवा कुठं असतो? नक्षत्रवाडीला गाडी बंदच पडली. तिथनं ढकलत आणली, ह्या उन्हात, ह्या वयात. पायाला फोड आलेत, चपलेत पाय जाईना.

फकिराभाऊ म्हणतो, इंजिनाचं हेड वाकलंय. पाण्याचा पंप जाम. इंजिनातलं तेल बघितलं मी, पाणी शिरून पार चहा झालाय त्याचा… नाय. रविवारपर्यंत नाय होत. सामान पुण्याहून मागवायचं, महिना तरी म्हणतो. आणि एवढं करून पण खात्री देत नाय… त्याला नको ओरडायला, तो बिचारा सरळ बोलतोय.

आप्पांना? नाय सांगितलं अजून. कसं सांगू? ते बाहेरनं ह्या डब्यांकडं बघत बसलेत. त्यांना वाटतंय, नवं कूलंट टाकलं की गाडी झाली. मघाधरनं एकच धोशा, दादाला विचार, दादा म्हणंल तेच टाकू. म्हणून लावला फोन तुला. मला पण माहितीये, त्या कूलंटनं आता काय होत नाय.

काय?

मुद्दाम?… दादा, आप्पांनी मुद्दाम केलं?… थांब. तूच सांग, ट्रॅक्टरला हळदीचा डबा कोण आणून द्यायचं? तू आणि मीच ना? आई ओरडायची, मसाल्याला हळद ठेवा म्हणून. ते आठवत नाय तुला? ज्यानं हळद टाकली त्याला वाईट करायचं असतं तर एक दगड बास होता की!… मी त्यांची बाजू घेत नाय. मी कुणाचीच बाजू घेत नाय, मला तुम्ही दोघं पाहिजे. बास.

असं कामून म्हणतोस?… गाडी नाय तर येऊन काय करू? असं म्हणायलास तू?… अरे, आईनं वहिनीसाठी पैठणहून साडी आणलीये. आप्पांनी बघितली, चिडले नाय. उलट म्हणले, काठ चांगलाय… भंगारात? दादा, भंगारात द्या म्हणू नको रे. मी हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? तू ये, गाडी नसली तरी ये. नुसता चहा पिऊन जा. तासभर ये. दादा, मी तुझ्या पाया पडते, तू…

हॅलो?… दादा?… हॅलो?

हॅलो?…

ठेवलाच त्यानं… नाय आप्पा, चालूय फोन… हां. हां दादा, बोल, आवाज जरा कमी येतोय… लाल? लालच टाकायचं? बरं… आप्पा, लाल म्हणतोय! तयार मिसळलेलं. ते बाकीचे परत देऊन टाकू… हां दादा, सांगते. दुसरं काय मिसळायचं नाय, पाणी पण नाय… व्हय आप्पा, बोलतोय अजून, थांबा… रविवारी? सकाळीच पोचणार? वहिनी पण? बरं, आईला सांगते…

आणि काय?… हो, हो, सांगते की… आप्पा, दादा म्हणतोय, हळद टाकली ते बरं केलं. त्याच्यावरच गाडी आजपर्यंत टिकली म्हणतोय. रागावला नाय… खरंच आप्पा. हसला उलट.

अहो, उठू नका, पायाला फोड आहेत… काय?… तुम्ही बोलता?… आत्ता?

थांबा आप्पा, थांबा… हॅलो? हॅलो, दादा?…

कट झाला आप्पा. हे बघा, आत्ताच कट झाला.