धाकटीचे केस

हॅलो?… हो, ताईच बोलतेय. पार्लरमध्ये आहे… नाही, बोल ना. एका काकूंच्या डोक्याला रंग लावलाय, वीस मिनिटं मोकळीच आहे… बघितला. आईने पाठवला, मावशीने पाठवला, वरच्या वकीलबाई तर मोबाइल घेऊन जिना उतरून आल्या, 'बहिणीचा फोटो बघितलात का?'… छान आहे.

छान आहे म्हटलं ना! अजून काय म्हणू?… चिडले कुठे?… बरं, चिडलेय. सोळा वर्षं तुझ्या केसांना माझ्याशिवाय कुणाची कात्री लागली नाही. आणि तू गेलीस ऑफिसखालच्या कुठल्या तरी बाईकडे, केस बारीक कापून कपाळ उघडं टाकून आलीस… असेल गं हुशार!

काय म्हणाली?… 'लपवता कशाला'? वा! तिचं काय जातं बोलायला? शाळेत पोरं तुला 'भेग' म्हणायची, तेव्हा होती का ती?… कपाळापासून पार टाळूपर्यंत खळगा, बोटभर रुंद, हाताला कडक, त्यावर केसाचं नाव नाही. त्यावरून भांग कसा वळवायचा, ते मी शिकले. तुझ्यासाठी या धंद्यात आले मी… हो, हो… अगं ऐक ना! मावशीने खाली काय लिहिलंय? 'शूर गं माझी बाय.' आणि मी? मी काय नुसती झाकणारी?

काय?… परत सांग… भुवईच्या वर नवा डाग?… तिने आरशात दाखवलं?… चमकतंय. आणि कडेने जांभळट…

ऐकतेय… काकू, मान नका हलवू, ओघळ येतोय… तुला नाही गं.

ऐक. मला दिसलं होतं ते… गेल्या वेळी नाही, त्याच्याही आधी. चार महिने झाले… कळलं होतं मला. लहानपणी अशीच तर सुरुवात झाली होती, कातडी कडक करणाऱ्या त्या आजाराचं स्क्लेरोडर्मा हे नाव कळायच्या आधी… काय केलं? काही नाही. पुढच्या बटा जरा लांब ठेवल्या. झाकलं.

का म्हणजे… तू आठ वर्षांची होतीस, मी अकरा. दोन वर्षं आई तुला घेऊन दवाखान्यात. तुझ्या गोळ्या, तुझी रक्ततपासणी, तुला मळमळतंय म्हणून रात्रभर तुझं डोकं मांडीवर. आणि मी मावशीकडे. पहिली पाळी आली तेव्हासुद्धा मावशीलाच सांगितलं मी… माहीत नव्हतं ना तुला? मावशीशिवाय कुणालाच नव्हतं.

आता कुठे आई रोज दुपारी इथे येऊन बसते. टॉवेलांच्या घड्या घालते, गप्पा मारते. वाटलं, हे कळलं की गेली परत तुझ्याकडे… हो. हेवाच. आजाराचा हेवा करते मी, पस्तिशीची घोडी.

दे, शिव्या दे हव्या तेवढ्या.

हं… हं… शुक्रवारी? डॉक्टरांची वेळ तूच घेतलीस?… मी येते, दुकान बंद ठेवते… कोण येतंय? ती?… ती केस कापणारी?

…बरं… नाही, खरंच बरं. तिलाच ने. तिला दिसलं आणि तिने सांगितलं… राग नाही गं. म्हणजे आहे, जळफळाट होतोय नुसता. पण तिलाच ने. आणि डॉक्टरांनी कधीपासून आहे विचारलं तर चार महिने सांग, आजचं सांगू नकोस.

आईला नको सांगूस तू. तू सांगितलंस की मला पाठीशी घालशील. मीच सांगते, सगळं… आलीच बघ ती, दारात आहे. ठेवते गं.

आई, थांब… नको, चपला काढू नकोस. धाकटीकडे जायचंय तुला.