रायफलीवर किती घालायचे

हॅलो?… हॅलो, कोण?… ओलिंका? अगं जरा मोठ्यानं बोल, तुझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतोय.

हां, आता ठीक. कुठं आहेस?… दुकानात? आत्ता?… बंदुकांच्या काउंटरपाशीच उभी आहेस म्हणजे. आणि विकणारा समोर आहे?… असू दे उभा. तुमच्या अँकरेजमधल्या लोकांना उभं राहायचा पगार मिळतो.

नाही गं, झोपले नव्हते. खिडकीत बसलेय… काही नाही, बर्फ बघतेय. धुकं इतकं खाली आलंय आज की बर्फ कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळतच नाही. मधे एक काळी रेघ आहे पाण्याची, आणि ती हळूहळू रुंद होतेय. म्हणजे होते आहे की मला वाटतंय, देव जाणे. तिच्याकडे बघता बघता चहा निवला.

हो, हो… ऐकतेय. सांग, किती किती म्हणतोय?

सहाशे डॉलर. जुनी, कुणीतरी वापरलेली… बरं. दुसरी?… नऊशे. आणि ती वरची?… बाराशे? काय आहे एवढं तिच्यात, मासे सोलून देते का?

स्टेनलेस… हं. खाऱ्या पाण्यानं गंजणार नाही. ते बरंय, होडीत सगळं खारंच असतं. पण तिन्ही सेमी-ऑटोमॅटिकच ना? प्रत्येक गोळीला खिट्टी ओढायला नको, चाप दाबला की पुढची आपली आपण चढते, तीच?… माहितीये तू विचारलंस. परत विचार.

… हां. मग झालं.

माझ्या टोपलीचे पैसे आले ना?… चौदाशे? त्या गवताच्या टोपलीचे?… कोण गं ती घेणारी?… झाकणावरचं ते बदक होतं, मान जास्त विणली गेली म्हणून हंस झाला, हे तिला सांगितलं नाहीस ना?… चांगलं केलंस. हंसच असू दे तिचा.

म्हणजे तुझं म्हणणं, सगळ्यात महाग घ्यावी… अगं ऐक ना. पैशाचं नाहीये. पैशाचं असतं तर सोपं होतं.

थांब, दार बघून येते.

… नाही, एव्हन आला नाही अजून. शेजारच्या निकोलायकडं वाफेच्या न्हाणीत गेलाय. ते दोघे एकदा आत बसले की पहिला बाहेर कोण पडतो याचीच शर्यत. मग पायरीवर बसून तासभर वाफाळत राहतात, उकडलेल्या बटाट्यासारखे, एक शब्द न बोलता. तेव्हा वेळ आहे आपल्याकडं.

तुला मागच्या वसंतातलं सगळं सांगितलं नव्हतं मी… नाही, थोडंच सांगितलं होतं. बंदूक अडकली एवढंच. मी होते होडीत. मागं मोटरीवर मी, पुढं तुझे दाजी. समुद्र असा होता, ओलिंका, की तेल ओतून ठेवल्यासारखा. आम्ही मोटर बंद केली. बर्फाचे तुकडे एकमेकांना घासत होते, तेवढाच आवाज. आणि सील वर आला. मोठा, दाढीवाला. डोकं काढलं आणि आमच्याकडं बघत राहिला.

एव्हननं पहिली झाडली, ती चुकली. होतं तसं, होडी हलते. दुसरीला खिट्टी ओढली, ती अडकली. सील खाली गेला. परत वर आला, त्याच जागी. परत अडकली. तिसऱ्यांदा वर आला, ओलिंका. एवढं कुणी थांबतं का? वाट बघत होता तो आमची. मग गेला.

… तो? मोटर चालू कर म्हणून हात केला, बस. घरी येऊन बंदूक बाहेरच्या पडवीत टांगली. निकोलायला म्हणाला, बंदूक बिघडली. मला काही म्हणाला नाही. पण झोपेत एकदा बोलला, त्यांना आता मी नको असेन.

तू हसतेस… नाही हसलीस? मग ठीक. मला वाटलं, इतकी वर्षं शहरात राहून विसरलीस. सील आपण मारत नाही, तो येतो. ज्याच्याकडं यावंसं वाटतं त्याच्याकडं. मेल्यावर तोंडात गोड्या पाण्याचा घोट घालणाऱ्याकडं. एव्हननं तीस वर्षांत एकदाही तो घोट चुकवला नाही. आणि आता तोच म्हणतोय, त्यांना मी नको.

त्यानंतर गेलाच नाही ना. उन्हाळा गेला, शरद गेला. सगळा हिवाळा आम्ही शेजारच्या अगाफ्यानं दिलेल्या सीलच्या तेलात सुके मासे बुडवून खाल्ले. देते गं ती, तोंड वाकडं न करता देते. त्यानंच तर घास जात नाही. तिच्या बरणीपुढं बसला की तो पोट भरलं म्हणतो.

हो… हो. म्हणून तर नवीन घ्यायची. पण पुढचं ऐक.

काल मी ती जुनी काढली. तो जाळी दुरुस्त करायला शाळेकडं गेला होता. मी बंदूक घेतली, किनाऱ्यावर गेले, ओंडक्यावर एक डबा ठेवला आणि झाडत बसले. तीस गोळ्या… अगं तीस. एकदासुद्धा अडकली नाही.

… हो. एकदासुद्धा नाही.

डबा? डब्याला अकरा लागल्या. पण ते सोड.

आणि गंमत ऐक. मी परत येते तर वाटेत अगाफ्या, तिची सून आणि ती थोरली मात्रोना, तिघी परात आणि सुऱ्या घेऊन उभ्या. तीस बार ऐकल्यावर त्यांना वाटलं, अख्खा कळपच लागलाय किनाऱ्याला. मी म्हटलं, डबा मारला. मात्रोना म्हणाली, मग त्याचा वाटा तरी दे. मी सांगितलं, नवऱ्याच्या कानावर घालू नका. घालणार नाहीत बहुतेक.

तर बंदूक धडधाकट आहे. हात आहे तो, ओलिंका. उजवा. दोन वर्षांपूर्वी तो बर्फात अडकला होता ना, तेव्हा गारठून गेलेली बोटं. वाकत नाहीत पुरती. खिट्टी अर्धीच मागं येते त्याच्यानं, आणि अर्धी ओढली की गोळी तिरकी बसते. मी होडीत मागं बसले होते, मला पाठ दिसत होती त्याची. हात दिसत नव्हता.

म्हणून सेमी-ऑटोमॅटिक. खिट्टीचा प्रश्नच नको… बरोबर. बंदूक आपलं काम करेल.

पण चाप दाबायचं बोट तेच आहे ना गं. म्हणून म्हणते, बाराशेची नको.

अगं ऐक तर. सगळ्यात चांगली घेतली, स्टेनलेस, नवी कोरी, आणि तरी आम्ही रिकामे परत आलो, तर? मग दोष कुणाला द्यायचा त्यानं? आत्ता निदान बंदूक आहे. भिंतीला टांगून तिच्याकडं रागानं बघता येतं. बाराशेच्या बंदुकीकडं रागानं कसं बघणार? मग तोच उरतो एकटा… म्हणून सहाशेची. थोडी जुनी, थोडी शंका घेता येईल अशी.

वेडी असेन… नाही, वाईट नको आहे मला. भरवशाचीच हवी. फक्त इतकीही भरवशाची नको की माणसाला जागा उरू नये. हे त्या दुकानदाराला कसं सांगायचं ते तू बघ, तुझं इंग्रजी चांगलं आहे.

… नऊशे? नऊशेत काय होतं, धड ना इकडं धड ना तिकडं.

सांगून टाकू? त्याला? तोंडावर?… ओलिंका, तू फारच दिवस तिकडं राहिलीस. बाबांची नजर गेली तेव्हा आईनं काय केलं, आठवतं? काही बोलली नाही. नुसता चहाचा कप टेबलावर ठेवायचा बंद केला, हातात द्यायला लागली. मग आपण सगळेच हातात द्यायला लागलो. बाबा जाईपर्यंत घरात कुणी डोळ्यांचं नाव काढलं नाही. माणसाचं मन दुखवून मिळालेलं मांस पोटात राहत नाही, असं म्हणायची ना ती.

… हो. मलाही आठवण येते.

परवा स्वप्नात मी त्याच पाण्यावर होते. तोच समुद्र, तेलासारखा. एव्हन पुढं, मी मागं. कुणाच्याच हातात बंदूक नाही. सील वर आला, आमच्याकडं बघितलं, आम्ही त्याच्याकडं. आणि रात्रभर एवढंच. कुणाला काही नकोच होतं. धुकं होडीत येऊन बसलं होतं तिसऱ्या माणसासारखं. सकाळी उठले तर हात गार पडलेले, आणि इतकं बरं वाटत होतं की स्वयंपाकघरात उभी राहून उगीचच…

थांब. पायरी वाजली. तो आलाय. तू बोलत राहा, मी हं हं करते.

हं… हं… हो, निळं घे. निळंच. बाह्यांना पुरेल एवढं.

ओलिंका आहे रे. कापडाच्या दुकानात उभी आहे, मला झग्याला तुकडा घेतेय… दार लाव आधी, वाफ घेऊन आलायस सगळी.

काय?… तो म्हणतोय, तुला विचार, त्या कापडाच्या दुकानात भिंतीला बंदुका टांगल्या आहेत का.

… तू निकोलायला फोन केला होतास? कधी?… कुठली रायफल चांगली म्हणून विचारायला. मला सांगायचं नाही का, शहाणे. म्हणजे न्हाणीत आज हेच शिजत होतं. आणि मी इथं बसून दार राखतेय.

हो, तो ऐकतोय. नाही, रागावला नाही. चेहरा लाल आहे, पण तो न्हाणीचा.

म्हणतोय, काल अठ्ठावीस बार मोजले शाळेपाशी बसून… तीस होते रे. दोन वाऱ्यानं नेले असतील… हो, अडकली नाही. एकदाही नाही.

… ओलिंका, आहेस ना? काही नाही. खिशात काहीतरी शोधतोय तो. एक मिनिट.

… हां. म्हणतोय, तिला विचार, दस्ता आखूड करून मिळतो का… दस्ता गं, खांद्याला लावतात तो. मागचा रबराचा तुकडा काढला की होतो म्हणे आखूड. विचार… कुणासाठी म्हणजे काय, मला काय माहीत. याचा हात तर माझ्यापेक्षा वीतभर लांब आहे.

थांब, फोन दुसऱ्या कानाला घेते. माझी बाही वर करतोय हा… काय करतोयस? ओलिंका, याच्याकडं जाळ्याची दोरी आहे. कोपराच्या वळणाशी धरलीय आणि बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत आणतोय. हात सरळ ठेव म्हणतो. ठेवलाय की… गरम आहे त्याचा हात, लाकडाच्या धुराचा वास येतोय.

साडेबारा इंच. लिहून घे. साडेबारा.

म्हणतोय… थांब, त्याचंच सांगते. म्हणतोय, मोटर धरायला एवढी बोटं पुरतात. मागं मी बसेन म्हणतो. पुढं हिला बसू दे, बघू त्यांना ही कशी वाटते.

… ऐकलंस ना. मी काय सांगू वेगळं.

हो… हो, आहे मी इथंच.

किती घालायचे? अजून तेच का… बाराशेची घे. स्टेनलेस, वरची, रबर काढून. उरलेल्या दोनशेच्या गोळ्या घे, डब्याला अकराच लागल्या होत्या. शुक्रवारच्या विमानात टाक, धुकं फाटलं तर उतरेल.

नाही गं, आता कसली शंका ठेवायची. आता रिकामे आलो तर दोष माझा. मला चालतो.

त्याला देऊ? बोलायचं नाही म्हणतो. मान हलवतोय… दोरीला गाठ मारतोय मापाची, अजून माझ्या हातावरच.

ठेवते गं. एक हात याच्याकडं अडकलाय, दुसरा तुझ्याकडं, आणि नाक खाजतंय.