एक तोरडी उंबऱ्यात

नवसाबाई : परकर खोचून झेंडूच्या वाफ्यात उभी राहायची आन् तिथनंच हाळी द्यायची, "आये, पुढची ओवी सांग, माझी पाटी रिकामी हे." ओवी नसली तर शुभांगीचा हात फुलावर चालायचाच नाय. एवढीशी व्हती. तो आवाज अजून कानात हाय माझ्या. काल फुलबाजारात कुनीतरी तुमचं गाणं लावलं, खंडेराव, आन् हातातली माळ खाली पडली. आवाज तुमचा व्हता. चाल माझ्या लेकीची व्हती.

(इंदिरानगरातल्या एका बंगल्याखालचं गॅरेज. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, मधोमध ड्रम. २००३ सालची, दिवाळीआधीची संध्याकाळ. नवसाबाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकली आहे, फुलांची रिकामी पाटी पायाशी. समोर लेकीचा धाकटा दीर उभा आहे. लेक जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्याच्याकडे कोणत्या नजरेनं पाहावं हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.)

साई : काकू, नीट टेकून बसा ना. खुर्ची मोडत नाही, आणि मोडली तरी घरमालक आमच्यावर तसाही चिडलेलाच आहे. खंडी, पाणी दे की. तोंडी परीक्षेला आल्यासारखा उभा काय राहिलास?

खंडेराव : मावशी, एवढ्या लांब कशाला आलात? निरोप धाडला असता तर मीच आलो असतो.

नवसाबाई : तीन वर्सांत नाय आलात. दहाव्याच्या दिवशीबी घाटावर मागंमागं उभे व्हता, आपल्या मानसांच्या आड.

खंडेराव : हो.

साई : म्हणजे, वहिनीच्या आई तुम्ही? विहिरीत पाय घसरून ज्या... सॉरी, काकू. हा घरचं यापलीकडे काही बोलतच नाही.

नवसाबाई : बोलत नसंल. गातो मातर. मला ते गाणं समजून घ्यायचं हाय. निम्मं तुमच्या त्या ढोलात बुडालं.

खंडेराव : त्यात समजून घेण्यासारखं काही नाही.

नवसाबाई : मला घाई हाय, खंडेराव. तुमच्या दादाला दुसरी बायको बघितली, ठावं असंल. चांदवडची पोर. तिची आई परवा माझ्या दुकानावर आली. म्हनली, "बाई, तुमची लेक नांदली तिथं. देवाला स्मरून सांगा, घर कसं हाय?" उद्या सुपारी फुटायची. सकाळच्या पहिल्या बसला मी चांदवडला निघाले. काय सांगू तिला? माझ्या लेकीचा पाय घसरला, एवढंच सांगू?

खंडेराव : मला दादानं कळवलं नाही.

साई : काकू, गाण्याचं मी सांगतो. पेपरवाल्यांनाही मीच सांगितलं, हा तर तोंड उघडत नाही. बघा, रावण सीतेला पळवतो, ती वाटेत वरून दागिने टाकते. ते वानरांना सापडतात. राम लक्ष्मणाला म्हणतो, ओळख. लक्ष्मण म्हणतो, कुंडलं मला माहीत नाहीत, बाजूबंद माहीत नाहीत. रोज पाया पडायचो, म्हणून पायातलं तेवढं ओळखतो. झालं. त्यावर खंडीनं रॉक बसवलं. आमच्या बँडचं नाव 'पाचवा वड', पंचवटीतला. गॅदरिंगला पोरं बाकांवर चढली होती.

नवसाबाई : ते ठावं हाय, बाबा. आमच्या वाफ्यातलीच ओवी हे ती.
राम म्हणे लक्षुमणा, कुंडल वळख रे गड्या
दीर म्हणे, ठाव्या मला सीतामाईच्या तोरड्या.

साई : अरे! खंडी, तू तर म्हणालास की चाल तुला बसमध्ये सुचली.

खंडेराव : वहिनी म्हणायची. भाकरी थापताना. मी चुलीपाशी पुस्तक घेऊन बसायचो. माझं लक्ष पुस्तकात नसायचं हे तिला कळायचं, मग ती मुद्दाम मधेच थांबायची. पुढची ओळ मी म्हटली की भाकरी मिळायची.

नवसाबाई : पुढची वळ तुम्ही काय केली, ते म्हना.

खंडेराव : राहू द्या, मावशी.

साई : मी म्हणतो. नुसतं म्हणतो, गात नाही. मी गायलो की कॉलनीतली कुत्री जमतात.
कुंडल ठाऊक नाही मला, कंकण ठाऊक नाही
मान खाली घातलेल्याला चेहरा ठाऊक नाही
एक तोरडी पायात, एक तोरडी उंबऱ्यात
रामा, मला विचारू नको, मी उभा अंधारात.

नवसाबाई : एक उंबऱ्यात.

साई : हां, तीच तर खरी जागा आहे. उंबरा म्हणजे लक्ष्मणरेषा. बाईचा एक पाय घरात, एक घराबाहेर. आमच्या मराठीच्या मॅडम वर्गात त्यावर तासभर बोलल्या. म्हणाल्या, पायातली तोरडी म्हणजे परंपरेची बेडी, उंबऱ्यातली म्हणजे तिनं काढून टाकलेली. आणि अंधार लक्ष्मणाच्या मनातला.

नवसाबाई : मॅडमला लेक हाय का?

साई : काय माहीत.

नवसाबाई : रामायनात तोरडी उंबऱ्यात पडत नाय, बाबा. वनात पडती, लुगड्याच्या पदरात बांधलेली, बाकीच्या दागिन्यांसंगं. आन् जोडीनं पडती. ही एकच कुठनं आली, खंडेराव?

खंडेराव : यमकासाठी माणूस काहीही लिहितो.

साई : यमकासाठी कसली? काकू, गंमत सांगतो. गाणं सुरू व्हायच्या आधी तो छुन् छुन् आवाज येतो ना, लोक विचारतात, कुठल्या मशीनवर काढलात? मशीनबिशीन नाही, खरीखुरी तोरडी आहे. खंडीचीच. गिटारच्या बॅगेत मोज्यात गुंडाळून ठेवतो. मी म्हटलं, जोडी आण, दोन्ही स्पीकरमधून मस्त वाजेल. तर म्हणे, दुसरी नाही.

खंडेराव : साई, गप.

साई : का? मी काय बोललो?

नवसाबाई : दाखवा.

खंडेराव : मावशी...

नवसाबाई : दाखव, पोरा.

साई : खंडी, अरे बॅग अशी धरून का ठेवलीस? दे इकडे, मी काढतो मोज्यातून. घ्या, काकू.

नवसाबाई : सराफ बाजारातनं केलती. हे बघ, हे घुंगरू मुकं हाय. आत खडा टाकायचं सोनार इसरला. मी म्हनलं, बदलून आनू. तर शुभी म्हनली, "राहू दे आये, सासरी एक तरी गप बसनारं पायजे." लय हसलो व्हतो आम्ही.

साई : काकू, पाणी घेता?

नवसाबाई : नगं. विहिरीतनं काढली तव्हा एकाच पायात व्हती. तुझ्या दादानं चारचौघांत सांगितलं, दुसरी गाळात गेली. माझ्या मालकानं इंजिन लावून विहीर उपसली. ऐन दसऱ्याचा बाजार सोडून आम्ही दोघं चिखल चाळीत बसलो. लेकीचं एवढं तरी हाताला लागू दे म्हनून. तू बादल्या वढीत व्हतास, पोरा. तव्हा ही कुठं व्हती?

खंडेराव : खिशात.

साई : मी चहा सांगून येतो.

खंडेराव : थांब. जाऊ नकोस.

साई : तुमच्या घरातलं आहे, यार.

खंडेराव : घरातलं आहे म्हणूनच थांब. बाहेरच्या कोणीतरी ऐकायला पाहिजे.

नवसाबाई : मला वाटलं व्हतं, त्या घरात एक तरी मानूस तिचं हाय. माहेराला आली की तुझंच कौतिक. खंडूभाऊंनी नवी वही दाखवली, खंडूभाऊंना कढी आवडती.

खंडेराव : फौजदार आले तेव्हा आई कानात म्हणाली, मान खाली घालून उभा राहा, तुला काही ठाऊक नाही. बाप गेल्यावर दादानंच वाढवलं मला. कॉलेजही त्याच्याच जिवावर. मी मान खाली घातली. नंतर ती वर घ्यायलाच जमेना. घर सोडलं, इथं आलो, तरी जमेना.

नवसाबाई : आन् मंग गाणं केलंस.

खंडेराव : वाटायचं, ऐकणाऱ्यांतला एक तरी विचारेल, एकच तोरडी का? उंबरा कोणाचा? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. टाळ्या वाजवल्या. लक्ष्मणरेषा म्हणाले.

साई : मीच म्हणालो. सगळ्यांना सांगत सुटलो.

खंडेराव : तुझी काय चूक. मी तुला तसं म्हणू दिलं.

नवसाबाई : लक्षुमणाची मान खाली व्हती, तोंड बंद नव्हतं. रामानं इचारलं तव्हा त्यानं तोरडी वळखली आन् तिथंच सांगितलं. तू त्याचं नाव घेऊन त्याच्याच आड बसलास.

खंडेराव : हो.

नवसाबाई : चांदवडची ती पोर आईच्या मागं उभी व्हती. तेजस्विनी नाव. माझ्या पाटीतलं एक फूल उचललं, वास घेतला आन् जिथल्या तिथं ठिवलं, जसं काय कुनी रागवंल. तिच्या आईला मी काय सांगितलं तर लोक म्हनतील, लेक गेल्यापासनं म्हातारी बरळती. जावायाचं भलं बघवत नाय तिला. माझ्या शब्दानं सुपारी थांबायची नाय.

खंडेराव : मी येतो. सकाळी, तुमच्याबरोबर.

नवसाबाई : येशील. पन आधी मला सांग. गाण्यात नको. राम नको, लक्षुमनबी नको. जे झालं ते तुझ्या तोंडानं सांग.

खंडेराव : ही दादाच्या खोलीच्या उंबऱ्यात सापडली. उजाडत होतं. तोवर कोणी वहिनीला हाक मारली नव्हती, शोधायलाही कोणी निघालं नव्हतं. तोरडीचा आकडा ओढला जाऊन सरळ झाला होता.

नवसाबाई : हं.

खंडेराव : वहिनी रोज पहाटे पाण्याला जायची, माझ्या खिडकीखालून. तोरड्या वाजायच्या. मला त्यांनीच जाग यायची, परीक्षेच्या दिवसांतसुद्धा गजर लावावा लागला नाही कधी.

नवसाबाई : आन् त्या दिवशी?

खंडेराव : त्या दिवशी वहाणांच्या आवाजानं जाग आली. दादाच्या वहाणा. जड पडत होत्या, ओझं घेतल्यासारख्या. तोरडी एकदाच वाजली, रोजच्यासारखी नाही. लोंबत्या पायातली वाजावी तशी. मी कूस बदलली.

नवसाबाई : बोल, पोरा. पुढचं बोल.

खंडेराव : वहिनी विहिरीवर चालत गेली नाही, मावशी.