हरणाचं रक्त

(दक्षिण आफ्रिका, फ्री स्टेटमधलं एक शेत, १९९७. निवृत्त गोरा पोलीस सार्जंट सारेल फूरी वर्णभेदाच्या काळातल्या गुन्ह्यासाठी सत्य आयोगाकडे माफीचा अर्ज करतो आहे. त्याची वीस वर्षांची मुलगी रीने टाइप करते आहे.)

सारेल : कुठवर आलीस? वाच.

रीने : ‘चौकशीदरम्यान सदर इसमाची प्रकृती बिघडून तो मरण पावला.’

सारेल : ठीक. पुढचं घे.

रीने : प्रकृती कशानं बिघडली, बाबा?

सारेल : वकिलानं सांगितलंय तसं लिही. शनिवारी मुदत संपते.

रीने : वकिलानं हेही सांगितलंय, की एक गोष्ट लपवली तरी माफी नाही. मग खटला आणि तुरुंग. कशानं बिघडली?

सारेल : ओल्या थैलीनं. झालं समाधान? टपालाची जाड थैली भिजवायची, डोक्यावर ओढायची, गळ्यापाशी आवळायची. श्वास घेतला की कापड तोंडात जातं. तीस मोजायचे, सोडायचं.

रीने : मोजत कोण होतं?

सारेल : मी.

रीने : तिसाला सोडलंत?

सारेल : चार वेळा सोडलं. पाचव्यांदा त्या पोऱ्यानं कापडातूनच कूसचा अंगठा चावला. कूस, माझा हवालदार. त्याचं डोकं फिरलं. त्यानं पहार उचलली.

रीने : किती फटके?

सारेल : तीन. पहिल्यालाच कवटी फुटली होती.

रीने : आणि तुम्ही?

सारेल : पाय धरले होते मी त्याचे.

रीने : लिहिलं. पोऱ्या लिहिलं नाही. चोवीस वर्षांचा होता, शाळेत गणित शिकवायचा.

सारेल : आम्ही सगळ्या काळ्यांना पोऱ्याच म्हणायचो. आपल्या म्हाताऱ्या गड्यालाही. तूही म्हणायचीस.

रीने : हो. ए पोऱ्या, माझा घोडा आण. सात वर्षांची होते. तो साठीचा. धावत आणायचा. मृताचं नाव?

सारेल : नाही आठवत.

रीने : चौकीतल्या कुत्र्याचं?

सारेल : त्याचा इथे काय संबंध?

रीने : सांगा ना.

सारेल : सीझर.

रीने : याचं नाव खोत्सो त्लादी. नगरभवनात त्याची आई आयोगापुढे बोलली, तेव्हा मी मागच्या बाकावर होते.

सारेल : तू तिथे गेली होतीस? फूरीची पोरगी, त्यांच्यात जाऊन बसलीस? गावानं पाहिलं असेल!

रीने : पाहू दे. तिनं तारीख सांगितली. चौदा जून, शहाऐंशी, शनिवार. ती तारीख माझ्याही लक्षात होती.

सारेल : का?

रीने : दुसऱ्या दिवशी तुमची गाडी मी धुतली. रविवारी! देवाचा वार म्हणून आपल्या घरात रविवारी कुणी बादलीही उचलत नाही. तुम्ही पाण्याचा पाइप माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, हरणाचं रक्त आहे.

सारेल : नऊ वर्षांची होतीस. तुला काय कळणार होतं?

रीने : गाडीच्या मागच्या फळीच्या फटीत गोठलेलं चमच्यानं खरवडलं. त्यात केस होते. बारीक, कुरळे. हरणाचे केस मी पाहिले होते, बाबा.

सारेल : पुरे.

रीने : शिकार झाली की आपल्या गॅरेजात आठवडाभर मांसाच्या पट्ट्या सुकत लटकतात. त्या जूनच्या हिवाळ्यात एकही नव्हती. मी रोज जाऊन बघायचे. मला कळलं होतं. म्हणूनच मी विचारलं नाही.

सारेल : मग आता माझ्याबरोबर तुलाही पिंजऱ्यात उभं करायचं का?

रीने : नाही. पण सगळं तुमच्या माथी मारून मला मोकळं होता येणार नाही, एवढंच. चमचा धुऊन मी परत खणात ठेवला. आपण त्यानं जेवलो.

सारेल : देवा!

रीने : त्याच्या आईनं एकच विचारलं. पुरलंय कुठे?

सारेल : ते लिहायचं नाही. गेल्या मंगळवारी कूस फाटकाशी येऊन गेला. पत्रपेटीत बंदुकीची गोळी ठेवली त्यानं. एकच. म्हणाला, जागा सांगितलीस तर तुझ्या बायकोसाठी दुसरी आहे.

रीने : आईला सांगितलंत?

सारेल : नाही.

रीने : आजच सांगा. गोळीचंही लिहिते. कुठे पुरलंय?

सारेल : रीने, तो खरंच मारेल.

रीने : माहीत आहे. तिचा मुलगा तुम्ही खरंच मारलात. कुठे?

सारेल : इथेच.

रीने : इथे म्हणजे?

सारेल : पवनचक्कीच्या मागे. वरच्या तुकड्यात, वारुळापाशी.

रीने : तो तुकडा तुम्ही कधीच नांगरत नाही. जमीन खारवट आहे म्हणता.

सारेल : चांगली जमीन आहे ती.

रीने : ती येईल. खणायला माणसं घेऊन, आपल्या शेतात. किती खोल सांगू?

सारेल : फार नाही. थंडीनं माती दगड झाली होती. आणि आम्हाला चर्चला पोहोचायचं होतं.